नंबर थोडा कमी

वादी अदाई, मस्कत
२३ जुलै

प्रिय वजीरा,

हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी हसशील, आणि मग अमीनभाईंना विचारशील की रचनाला झालंय तरी काय, दिवसातून चार वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर बडबडणारी बाई आज कागद काळे करत बसली. त्यांना काही माहीत नाही. उद्या गुरुवार, ते दुकानाचा माल भरायला मत्रहला येतील, तेव्हा काळ्या मसाल्याच्या डब्याबरोबर हे त्यांच्या हाती देईन. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि एकाआड एक ओळ सोडलीय, म्हणजे तुला कागद नाकाला लावायला नको. तू सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलीस आणि अजून माझ्यापेक्षा सुरेख लिहितेस, त्यामुळे माझ्या चुका तुला दिसतीलच. त्यांच्यावर नंतर हस. दुपारी जेवणं आटोपली, उमामा आणि अरमान, दोन्ही पोरं एसीत लवंडली, की वाचायला घे. घाई नाही, पण एका बैठकीत वाच.

इकडे सगळं ठीक आहे. उकाडा असा की जिन्यात सगळ्यांच्या एसीचं पाणी ठिबकतं आणि वॉचमन दर दोन तासांनी बादली बदलतो. तुमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता एक मल्याळी जोडपं राहतं. माणसं चांगली आहेत, पण दार सदा बंद. मला अजून सकाळी दार उघडलं की समोर तुझ्या चपला शोधायची सवय आहे, आणि तुम्हाला सोहारला जाऊन चार वर्षं झाली! बारा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस तो दिवस आठवतो का? चष्म्याची काडी तुटलेली, अमीनभाई कामावर, सातवा महिना लागलेला, आणि तू भिंत चाचपत चाचपत पॅसेजमधून येत होतीस. आमच्या दाराशेजारी पाण्याचं निळं पिंप होतं, त्याला तू मोठ्या अदबीने सलाम केलास आणि म्हणालीस, ताई, जरा हात देता का. मी मागे उभी राहून हसू दाबत होते. पिंपाने काही हात दिला नाही, तेव्हा मी दिला.

मी काडीला चिकटपट्टी लावली आणि तुझा चष्मा उजेडात धरून बघितला. उणे चौदा. काचा कडेला एवढ्या जाड की फ्रेमच्या बाहेर आलेल्या. मी पुण्याला डोळे तपासायचं शिक्षण घेऊन आले होते, पण मस्कतमध्ये अजून नोकरी नव्हती, त्यामुळे तुझा तो चष्मा म्हणजे इथला माझा पहिला पेशंट. त्याच दुपारी तू मला हवाबी खालांबद्दल सांगितलंस. दाभोळला तुझी आई खिडकीशी बसते, तिला समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, फक्त मधला चेहरा दिसत नाही. तू आलीस हे ती बांगड्यांवरून ओळखते. तिला अख्ख्या जन्मात कुणी सांगितलं नाही की हा नुसता जाड चष्मा नव्हे, हा आजार आहे. मग तू पोटावर हात ठेवून मला विचारलंस, हिलाही होईल का गो? तुला मुलगीच होणार याची तुला खात्री होती. मी म्हणाले, होईलच असं नाही. त्यावर तू माझा हात धरून म्हणालीस की मग हिच्या डोळ्यांवर तू लक्ष ठेवायचं, मला त्यातलं काही कळत नाही. मी हो म्हणाले. आपण एकमेकींना ओळखून तेव्हा दोन तास झाले होते.

तेव्हापासून उमामाचे डोळे हे आपल्या दोघींतलं सगळ्यात मोठं काम आहे, हे मी तुला सांगायला नको. तिचा नंबर सहाच्या आत राहावा, एवढीच आपली मागणी. सहाच्या पुढे गेला की त्याला तीव्र म्हणतात, आणि तिथून हवाबी खालांची वाट सुरू होऊ शकते. तुला मी एकदा पोळी लाटून दाखवली होती, आठवतं? डोळा लांबट होत जातो आणि मागचा पडदा ताणला जातो, पोळी वाजवीपेक्षा मोठी लाटली की मधे पातळ पडते तसा. तू म्हणालीस की तुझ्या पोळ्या नेहमीच पातळ पडतात, त्यात नवीन काय सांगतेस. पण ऐकून घेतलंस.

आता माझ्या कामाचं. तुला फोनवर मी ‘ऑफिसात जरा नवीन आहे’ एवढंच सांगत होते, कारण समजावून सांगायला वेळ लागतो. आमच्या क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरीण, डॉ. रय्या, यांना गेल्या वर्षी एक संशोधन करायची लहर आली. बाई ओमानी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, कामाला वाघ. त्यांनी मला रोज दोन तास पेशंटमधून मोकळं केलं आणि सांगितलं की तीव्र लघुदृष्टीवर कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून जगात जेवढे निबंध लिहिले गेले असतील ते गोळा कर, आणि कुठल्या वर्षी कुठल्या देशात लोक कशाचा शोध घेत होते याचा नकाशा काढ. मी पाचशेच्या वर निबंध जमवले. संगणक त्यातले शब्द मोजतो आणि जो शब्द जास्त वेळा येतो त्याचा मोठा गोळा काढतो, दोन शब्द एकत्र आले की त्यांच्यात रेघ. लोकेशने ते चित्र बघितलं आणि म्हणाला की याच्यापेक्षा आमच्या पाइपलाइनचा नकाशा बरा, त्यात निदान तेल कुठून कुठे जातं ते कळतं. इंजिनिअर नवरा, त्याचं कौतुक ते एवढंच.

मला मात्र त्या चित्राचा नाद लागला, वजीरा. सुरुवातीच्या वर्षांत सगळा भर ओळखण्यावर. पडद्याचा फोटो दाखवायचा आणि यंत्राला विचारायचं, आजार आहे की नाही. मग मोजणं आलं. पडदा किती पातळ, डाग केवढा, कडेला भोक पडतंय का, जे माझ्यासारखीला दिव्याखाली दहा मिनिटं बघून कळतं ते यंत्र क्षणात सांगू लागलं. आणि अलीकडच्या वर्षांत सगळ्यात मोठा गोळा भाकिताचा. मूल आज सात वर्षांचं आहे, त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांचे नंबर द्या, आईबापाचे द्या, डोळ्याची लांबी द्या, ते अठरा वर्षांचं झाल्यावर नंबर किती असेल ते सांगतो. चीनचा गोळा सगळ्यांत मोठा, कारण तिथे शाळेच्या वर्गातली निम्मीअर्धी पोरं चष्म्याची. आपला भारत मध्यम. ओमान एक बारीक ठिपका, डॉ. रय्यांना तो ठिपका वाढवायचा आहे. हवाबी खालांच्या वेळी यातलं काही असतं तर, असं माझ्या मनात कितीदा तरी आलं. ही माणसं, ज्यांची नावंसुद्धा मला नीट उच्चारता येत नाहीत, जणू तुझ्यासाठीच राबत होती.

असा एक भाकीत सांगणारा प्रोग्रॅम आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलाच होता, तो तुला माहीत आहे. आमच्याच क्लिनिकमधल्या मुलांच्या जुन्या नोंदींवर त्याला शिकवून तयार केलेला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या ओळखीच्या मुलांचे नंबर घालून बघितले. मी उमामाचे घातले. सहाव्या वर्षी दोन, सातव्या वर्षी पावणेतीन, मग सव्वातीन, मग चार. आईचा उणे चौदा, वडिलांना चष्मा नाही. यंत्राने उत्तर दिलं की अठराव्या वर्षी पावणेसहा. सहाच्या आत! मी खुर्चीवरून उठून बाहेर पॅसेजमध्ये आले आणि तुला फोन लावला. तू रडलीस. मीही रडले, ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. त्या शुक्रवारी तू सोहारहून सांदणं पाठवलीस, एवढी की आमच्या मजल्यावर वाटूनही दोन दिवस पुरली. आणि त्यानंतर महिनाभराने तू विचारलंस की नंबर भराभर वाढू नये म्हणून झोपताना घालायचे ते थेंब आता बंद केले तर चालतील का, पोरीचे डोळे उन्हात दिपतात, ती कटकट करते. मी म्हणाले, यंत्र तर चांगलं म्हणतंय, बंद केलेस तरी चालेल. डॉक्टरांना विचारलंही नाही. हे वाक्य माझं आहे, तुझं नाही, हे लक्षात ठेव.

आता जरा वेगळ्या विषयावर येते, पण सोडून देऊ नकोस, वाचत राहा. तुला रामकृष्ण आठवतात? क्लिनिकमधले सिनियर, सोलापूरचे, मला नोकरीत त्यांनीच तयार केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गेले. हाडाचा सज्जन माणूस. माझ्या पहिल्याच महिन्यात एका मुलाचा नंबर मी साडेतीन लिहिला तर त्याची आई काउंटरवरच रडायला लागली. रामकृष्णांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की अगं, पूर्ण नंबर कशाला तोंडावर मारतेस, पाव-अर्धा कमी लिही, मूल जुळवून घेतं आणि आईचंही मन राहतं. कॉलेजात आम्हाला याच्या उलट शिकवलं होतं. पण काउंटरच्या पलीकडे उभं राहिलेलं माणूस कॉलेजात नसतं. आपल्याकडच्या आईबापांचं ठरलेलं असतं, मॅडम, फुल नंबर नको, डोळ्याला सवय लागते, मग वाढतच जातो. मालवणचा असो, नागपूरचा असो, हैदराबादचा असो, सगळ्यांचं हेच. मुलगी असली की आणखी एक वाक्य असतं, ते तुलाही पाठ आहे, पुढे लग्नाचं बघायचंय. ओमानी आईबाप असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, इन्शाल्ला बरं होईल, आणि लिहिलेला चष्मा घेऊन जातात. त्यामुळे कमी लिहायची ही मेहरबानी आम्ही फक्त आपल्याच माणसांवर केली.

आणि एकदा कमी लिहिला ना वजीरा, की पुढच्या वर्षी खरा लिहायची सोय राहत नाही. या वर्षी अर्धा लपवला आणि पुढच्या वर्षी खरा लिहिला तर एकदम सव्वाने उडी दिसते, आई घाबरते, मागच्या वेळी तुम्ही काय बघितलंत म्हणून विचारते. मग पुन्हा अर्धा लपवायचा. मग पाऊण. आपलीच जुनी मेहरबानी झाकायला नवी मेहरबानी. संगणकात जातो तो लिहून दिलेला नंबर, डोळ्यात असलेला नव्हे. मला कधी वाटलंच नाही की तो संगणक पुढे कुणाला काही शिकवणार आहे. मला वाटायचं तो नुसता कपाटासारखा आहे, ठेवलं ते ठेवलं.

या महिन्याच्या सुरुवातीला डॉ. रय्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बाई आनंदाने फुललेल्या. क्लिनिकमध्ये डोळ्याची लांबी मोजायचं नवीन यंत्र आलं आहे, त्याच्या आकड्यांशी त्यांनी जुने नंबर ताडून बघितले होते. ओमानी मुलांचे ठिपके एका रेघेवर नीट बसत होते. भारतीय मुलांचे सगळे रेघेपासून बाजूला. डोळे चांगले लांब, पण त्या मानाने नंबर कमी. बाई म्हणाल्या, रचना, हे जगात कुणी लिहिलेलं नाही, भारतीय मुलांच्या डोळ्यांची ठेवण वेगळी दिसते, लांब होऊनही नंबर कमी राहतो, आपण यावर वेगळा निबंध लिहू आणि तुझं नाव माझ्या बरोबरीने घालू. पुढच्या महिन्यात पाठवायचा, यल्ला, कामाला लाग. मी त्या पडद्यासमोर उभी होते. दीडशेच्या आसपास ठिपके होते आणि त्यातले निम्मे मी ओळखत होते, नावासकट.

डोळ्यांची ठेवण वेगळी नव्हती गं. आमची लिहिण्याची होती.

मी तीन दिवस गप्प राहिले. हे तुला सांगताना मला लाज वाटते, पण राहिले. मनात हिशेब चालला होता की बाईंना दुसरं काही कारण सुचवता येईल का, लांबीचं यंत्रच चुकतंय असं म्हणता येईल का. ते पाचशे निबंध मी वाचले आहेत. त्यातल्या कितीतरींच्या शेवटी, मर्यादा सांगतात तिथे, एक ओळ असते की नोंदी अचूक आहेत असं गृहीत धरलं आहे. ती ओळ मी इतक्या वेळा वाचून पुढे गेले होते की माझ्या मते तिला अर्थच उरला नव्हता. मग शुक्रवारी आमच्या लोकांची बुद्धवंदना होती, रुवीत एकांच्या घरी. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी आले आणि ते सोडून मी एकदम पाचवंच म्हटलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे मी लहानपणापासून म्हणते, आणि मला नेहमी वाटायचं की यात आपण पास आहोत. लोकेशने घरी येताना गाडीत विचारलं तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नेहमीसारखी चेष्टा केली नाही. म्हणाला, रविवारी सकाळी पहिलं काम ते कर.

केलं. डॉ. रय्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी निबंधाची फाइल बंद केली आणि एवढंच म्हणाल्या, खलास, हे गेलं. मग विचारलं की किती मुलं. मग विचारलं की भाकिताच्या प्रोग्रॅमने यातल्या किती जणांना सहाच्या आत सांगितलं. मग म्हणाल्या की एकेकाला बोलवायचं, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा तपासायचं, आणि फोन तूच करायचे. त्या प्रोग्रॅमचा वापर त्याच दिवशी बंद झाला. माझ्याबद्दल वरती कळवणं त्यांना भाग आहे, त्यांनी कळवलं आहे. नोकरी राहील न राहील, माहीत नाही. व्हिसा लोकेशच्या कंपनीचा आहे, तेव्हा लगेच बॅगा भराव्या लागणार नाहीत, तू त्याची काळजी करू नकोस. गेल्या दहा दिवसांत मी सत्तर घरी फोन केले. काही आया रागावल्या, एकीने माझे आभार मानले, ते ऐकवत नव्हतं. यादीतल्या पहिल्या नावाला मात्र मी अजून फोन लावलेला नाही. बाईंनी काल विचारलं. मी म्हणाले, तिला फोन नाही करणार, लिहीन.

तुला आता कळलंच असेल. उमामाचे ते दोन, पावणेतीन, सव्वातीन, चार माझ्या हातचे आहेत. पहिल्यांदा तू म्हणाली होतीस, सहा वर्षांच्या पोरीला एवढा नको गो, थोडा कमी कर. पण पुढच्या वेळा तू म्हणायच्या आधीच मी कमी करून ठेवत होते. तुझा चेहरा पडलेला मला बघवत नव्हता. तुझ्यावर माझी माया आहे, आणि ती मी अशी केली. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. माझ्या खिशातल्या डायरीत मी दर वेळी तिचा खरा नंबर पेन्सिलने टिपून ठेवायचे, का ठेवायचे ते मलाही सांगता येणार नाही. ते सगळे आकडे चिठ्ठीवर उतरवले आहेत. सहाव्या वर्षी अडीच. मग सव्वातीन, चार, पावणेपाच, साडेपाच. आणि या बकरी ईदला तुम्ही आलात तेव्हा, चष्म्याच्या कागदावर मी पाच लिहिला तेव्हा, सव्वासहा. यंत्र अठराव्या वर्षी पावणेसहा म्हणालं होतं. ती अकराव्या वर्षीच पुढे गेली आहे. थेंब बंद नसते केले तर कदाचित गेली नसती, हेही मी लपवत नाही. डॉ. रय्या म्हणतात की ईदला काढलेला पडद्याचा फोटो तरी स्वच्छ आहे, पातळ पडलेला दिसत नाही, आणि अकरा हे उशिराचं वय नव्हे, पूर्ण नंबर आणि थेंब आत्ता सुरू केले तर पुढचा वेग कमी करता येतो. हे मी धीर द्यायला म्हणून वाढवून सांगत नाही, त्यांचेच शब्द आहेत. येत्या रविवारी सकाळी दहाची वेळ तिच्या नावाने धरून ठेवली आहे, शाळा उघडायच्या आत. माझ्याकडे यायचं मन होत नसेल तर तिकडे सोहारला कुणाही चांगल्या डॉक्टरला ही चिठ्ठी दाखव, त्यांना सगळं कळेल. पण दाखव.

फोन का केला नाही, तर तुझा आवाज ऐकला असता आणि हेही मी तुला थोडं कमी करूनच सांगितलं असतं. आणि एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर माझ्या तोंडून निघालीच नसती, हे पत्र खरं म्हणजे तिच्यासाठी लिहिलं. ईदला क्लिनिकमध्ये तू अरमानला पाणी पाजायला बाहेर गेलीस, तेव्हा तपासणीच्या फ्रेममध्ये मी उमामाला पूर्ण सव्वासहाच्या काचा घातल्या होत्या. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि एकदम ओरडली, मावशी, त्या टॉवरला विंडो आहे! समोरच्या डोंगरावरचा तो जुना बुरूज, वजीरा, ती पोर जन्मल्यापासून बघत आलीय, आणि त्याला खिडकी आहे हे तिला अकरा वर्षांनी कळलं. दोन्ही हातांनी फ्रेम धरून म्हणाली, कॅन आय कीप धिस वन? हाच दे ना. मी म्हणाले, नाही बाळा, हा नुसता टेस्टिंगचा असतो. आणि तिच्या नाकावरून तो काढून घेतला, आणि तू आत आलीस, आणि मी पाच लिहिला. तिने काही हट्ट केला नाही. तुझ्या रागाला मी तयार आहे, तो किती दिवस पुरेल तेवढा पुरू दे, माझं दार बंद नाही. फक्त उमामाला यातलं काही तू सांगू नकोस. ते मला सांगू दे, तिच्या समोर बसून, आणि सांगून झाल्यावर तो चष्मा मला माझ्या हाताने तिला घालू दे.

तुझीच,
रचना